मस्टर

कोपरखैरण्याला, झेरॉक्सच्या दुकानावर माझं टर्मिनल.
सव्वानऊला बाजार उघडतो.
त्याच्या पाच मिनिटं आधी हसुराम काका जिना चढतात,
गुडघ्यामुळे एकेका पायरीवर थांबत.

विकत काही घेत नाहीत. विकतही नाहीत.
खात्यात चाळीस शेअर,
पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीने दिलेले,
सोबत एक घड्याळ. ते बंद आहे.

"आज किती गो पोरी?"
मी निफ्टी सांगते.
लांबच्या नात्यातलं लग्न ठरल्याचं ऐकावं
तशी ते मान डोलावतात.

एके काळी त्यांची कंपनी होती त्या पन्नासात.
"दुसऱ्या पाळीला चहा प्यायला बसायचो,
कॅन्टीनच्या टीवीवर खालच्या पट्टीत
आमचा नाव सरकत जायचा.
वाटायचा, मीच चाललोय."

मग एका मार्चअखेर तिला काढलं.
दोन ओळींचं परिपत्रक: ही बाहेर, ती आत.
त्या दिवशी निर्देशांक
अकरा अंकांनी वर बंद झाला.

मी समजावत होते एकदा,
काका, हा आकडा म्हातारा होत नाही,
कारण म्हातारं झालेलं तो जवळ ठेवत नाही.
बोलून गेले आणि जीभ चावली.
काका हसले.
"मस्टरच की मग.
नाव कमी केला, का हजेरी पुरी."

महापेला, जिथे त्यांचा बॉयलर होता,
तिथे आता बिनखिडक्यांची इमारत.
आत थंड हवेत यंत्रं, गेटवर त्यांचाच पुतण्या.
तो म्हणतो, काका, आत माणूस नाही,
नुसते आकडे राहतात.
बॉयलरच्या आधी तिथे मिठागर होतं.
काकांचा बाप फळी ओढायचा.
पाणी आटायचं,
उरेल ते काट्यावर जायचं.

आज निर्देशांकाने कसलासा मोठा आकडा ओलांडला.
गाला शेठने पेढे वाटले.
काकांनी अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला.
जाताना दारातून वळून, हळूच,
"आणि आपली?"

एकशे बारा चाळीस, मी म्हणाले.
त्यांनी खिशातली डायरी काढली,
चष्मा पुसला, आणि सावकाश लिहिलं:
एकशे बावीस.

मला दिसलं.
फोन वाजत होता, तो मी उचलला.