मिटायची टिचकी

सियागंजात दुपारी अडीचला
सर्व्हरच्या पंख्यातूनही हिंगाचा वास येतो.
मी शिंकतो, सॉरी म्हणतो, कोणाला ते ठाऊक नाही,
आणि स्क्रीनवरची तांबडी ओळ पुन्हा वाचतो:
जी खिडकी तू उघडली नाहीस
ती तुला मिटता येणार नाही.

बाफनाशेठ गादीवरून ओरडतात,
"भिया, प्रोग्राम तुमचा, कोड तुमचा,
आन् तुमचंच ऐकत नाही?"

काय सांगू.
दोन हजार चार साली ऐकायचं सगळं.
एका ओळीत दहा खिडक्या उघडायचो मी,
पैसे मिळायचे त्याचे, खोटं कशाला बोलू.
छावणीतल्या सायबर कॅफेत बसून
पळणाऱ्या खिडक्या लिहिल्या आहेत,
फुलीवर नेम धरावा
तर माउसखालून निसटायच्या.
पेन्शनचा अर्ज भरायला आलेले एक गृहस्थ
पाऊण तासात सतरा लॉटऱ्या जिंकले
आणि घामाघूम होऊन उठले.
अर्ज अर्धाच राहिला.
मी शेजारच्या टेबलावर चहा पीत होतो.

त्यानंतर कधीतरी ब्राउझरनं आम्हाला ओळखलं.
आता तो आधी विचारतो, बोट कुठंय?
खऱ्या माणसाचं बोट, आत्ताची टिचकी.
जरा उशीर झाला की म्हणतो, ही शिळी.
आणि माझं बिल तर सर्व्हरला विचारून येतं.
सर्व्हरही सियागंजातलाच,
जेवणानंतर पेंगतो,
तोवर टिचकी शिळी होते, खिडकी अडते.

म्हणून काउंटरवरची ललिता चौरे
माउसचं उजवं बटण दाबून, यादीतली पहिली ओळ निवडून
ती स्वतःच उघडते.
तिनं उघडली, म्हणजे तिनंच मिटायची.
माझा कोड उंबऱ्याबाहेर उभा,
चपला हातात घेतलेल्या पाहुण्यासारखा.

दिवसाला तीनशे बिलं.
शहाजिरं, बडीशेप, कसुरी मेथी, दगडफूल,
आणि तीनशे फुल्या.
"पोरगी दमते," शेठ म्हणाले, "काढून टाका ते खिडकीचं."
दमण्याचं काही नव्हतं,
मार्च संपत आला होता.

एका रात्रीत काढलं.
दुसरी खिडकीच नाही.
त्याच पानावर बिल उमटतं,
छापलं की विरतं, मागचं तयार.
शेठनी कचोरी मागवली. मी दोन खाल्ल्या.

चौथ्या दिवशी ललिता म्हणाली,
"सर, रागावू नका, एक सांगू?
ती फुली मारायचे ना मी,
तेव्हा मान वर करायचे.
आता बिलामागून बिल येतंय.
काल देपालपूरचे ते किराणावाले,
दर मंगळवारचे,
कधी आले, कधी गेले, दिसलेच नाहीत मला.
हिशेब जुळतो.
चेहरा आठवत नाही."

मी काही बोललो नाही.
डोळ्यापुढे ते पेन्शनवाले.
त्यांनीही एकदा मान वर केली होती,
माझ्याकडे.

मग एक बटण घातलं, निळं, 'बंद करा'.
खरं तर बिनकामाचं,
तिथं बंद करण्यासारखं उरलंच नव्हतं काही.
पण ते दाबल्याशिवाय पुढचं बिल येत नाही.
शेठना सांगितलं, ब्राउझरचा नियम आहे.
"नियम असेल तर काय," म्हणाले,
आणि वेलदोडा दातात फोडला.

आज अडीचला कोपऱ्यात बसून बघतो.
टिचकी. मान वर.
"मागची मिरची तिखट निघाली का हो?"
टिचकी. मान वर.
"मुलगा नाही आला आज?"
टिचकी.

मला शिंक आली, मोठी.
"सर," काउंटरवरून आवाज आला,
"त्या पंख्यासमोरून उठा आधी."