सेकंदकाटा

ग्रिम्सबीत गुरुवारी, शिफ्ट संपली की
एक्स-रेच्या काळोखातून थेट
जुन्या मच्छीमार क्लबच्या वरच्या मजल्यावर.
जिन्याला अजून हॅडकचा वास येतो.
टेबलावर हिरवं ब्लँकेट, कडेला सिगारेटनं जळालेलं,
आत ओढायला परवानगी होती तेव्हाचं.

मेंढीकोट खेळत वाढलेली मी.
हुकूम ठरला की अर्धा डाव झाला, असं समजणारी.
इथं हुकूमच नाही.
म्हणून वर्षभर रात्री जागून तक्ते पाठ केले:
कुठल्या जागेवर बसून कुठली पानं खेळायची,
सत्ती-अठ्ठी दोन्ही बदामची असली तर किती वेळा,
कुठं गप्प राहायचं.
तक्त्यात समोर माणूस नसतो.
असतो कुणीतरी, कधी न चुकणारा,
ज्याचं भाडं थकलेलं नाही
आणि ज्याला शेवटची बस गाठायची नाही.

पॉटएवढी पैज लावलीस
तर तिनांतून एकदा थाप मार, तक्ता सांगतो.
पण कुठल्या वेळी?
ते मनावर सोडायचं नाही, मनाला सवयी असतात.
भिंतीवरचं घड्याळ बघायचं:
सेकंदकाटा विसाच्या आत असला तर थाप,
नाहीतर पानं खाली.

नॉर्मनपुढं हे चालत नाही.
चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढलेला नॉर्मन
जाळ्यात काय आलंय ते बघितल्याशिवाय
दोर सोडत नाही.
दुर्रीची जोडी घेऊन शेवटपर्यंत येतो,
"बघू तरी," म्हणतो, आणि बघतो.
त्याच्याशी मी सहा गुरुवार अगदी बरोबर खेळले
आणि एकशे चाळीस पौंड हरले.
सातव्या गुरुवारी थापा बंद.
चांगली पानं आली की नुसते चिप्स सरकवायचे.
तो बघायचा.
दर वेळी तितक्याच कुतूहलानं.

डोमांतस पहाटे तीनला बेकरीत जातो.
नऊ वाजले की पापण्या जड,
मोठी पैज दिसली की पानं टाकून मोकळा.
झोपेला आलेल्या माणसाला थाप मारायची लाज वाटते.
मारते.

बेरिल मात्र.
फिलेटिंगच्या कारखान्यात माशांचे काटे काढत
आयुष्य गेलं, बोटं वाकली,
त्या बोटांनी पत्ते पिसते तेव्हा आवाज होत नाही.
मी हाडं पडद्यावर बघते, ती स्पर्शानं.
एकदा चहा ओतता ओतता म्हणाली,
"पोरी, हातात काही नसलं की तू घड्याळ बघतेस.
कधी बघून मारतेस, कधी बघून टाकतेस.
पण खरं असतं तेव्हा बघत नाहीस."

त्या रात्री झोप लागली नाही.
मग वाट बघितली.

मार्च महिना. गोदीवरच्या वाऱ्यानं खिडकी वाजत होती.
टेबलावर इस्पिकची दश्शी, सत्ती, तिर्री,
बदामचा राजा, चौकटची चव्वी.
माझ्या हातात इस्पिकचा एक्का आणि राणी.
याच्यावर कुणाचं काही असूच शकत नाही.
मी सावकाश मान वर केली,
घड्याळाकडे बघितलं,
आणि पॉटएवढे चिप्स पुढं ढकलले.

बेरिलनं आधी चहा संपवला.
मग स्वतःची पानं उलटून सगळ्यांना दाखवली:
इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी.
आणि टाकून दिली.

माझ्या तोंडून शब्द फुटेना.
"मंगळवारपासून बंद आहे ते," ती म्हणाली,
"खरंच लागलं असतं, तर तुला दिसलं असतं."

मी वर बघितलं. सव्वाचार वाजले होते.
सेकंदकाटा एका जागी थरथरत होता,
पुढं जायचं की नाही ते न ठरलेला.

"सेल आणायचा राहिला," नॉर्मन म्हणाला,
आणि कोपरांवर पुढं झुकला.
"तुझ्याकडं काय होतं? बघू तरी."

त्याला मी दाखवली.