नावं ठेवणे

पेन्रिनच्या खाडीत ओहोटी.
दोन होड्या चिखलावर कलंडलेल्या,
पंगत उठल्यावर जाजमावर लवंडावं तशा.
तिसरी उभी, दोन कण्यांवर, बसकी.

पहिलीवर श्रीरंगचा जीव.
सागवानी डेक, पितळी दिवे,
वार्निश असं की त्यात त्याला डोक्यावरचे केस मोजता आले.
लवकर मोजून झाले.
वर्षातून किती वेळा लावता? मी विचारलं.
दोनदा, मालक म्हणाला. घासायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं.
अझोर्सला पोचेस्तोवर आम्हीच
सँडपेपर झालो असतो.

दुसरीत फ्रिज, गिझर, खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र,
बटणावर गुंडाळले जाणारे दोर,
आणि या सगळ्यांच्या सुट्या भागांसाठी एक अख्खी खोली.
माणसांनी झोपायचं कुठे, ते कुणी सांगेना.

तिसरी फायबरची, आमच्या लग्नाच्या वर्षातली.
वर लाकडाची ढलपी नाही.
सुकाणू मागे उघड्यावर, दाराला असतात तशा बिजागऱ्यांवर;
बिघडलं तर निदान दिसेल.
इंजिन एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू होणारं.
संडास म्हणजे बादली.

तपासनीस जेन्ना पेंगेली गुडघाभर चिखलात
छोट्या हातोडीनं तळ ठोकत निघाली.
टक्. टक्. टक्.
पस्तीस वर्षं ट्रुरोत मी लोकांचे दात असेच ठोकले.
डोळे मिटून मागोमाग चालले.
डाव्या कण्याच्या सांध्याशी आवाज बद्द आला.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
"भरावं लागेल," दोघी एकदमच बोललो.
रूट कॅनाल नाही. साधं फिलिंग.

श्रीरंग अजून वार्निशकडे बघतोय.
त्याचा गुडघा बदललेला, माझ्या मनगटात वात.
बिस्केच्या उपसागरात रात्री तीनला
जे काही तुटेल
ते टॉर्च तोंडात धरून
या दोघांना जोडता आलं पाहिजे.
सौंदर्याचं मला कळत नाही असं नाही.

पाणी चढू लागलं. तिसरी सगळ्यात आधी हलली,
कुणी न उठवता.
पाठीवरची अक्षरं गळालेली,
एक आर आणि अर्धा ई शिल्लक.
"नाव काय ठेवायचं?" त्यानं विचारलं.
म्हणजे ठरलं.

सकाळपासून नावंच तर ठेवतोय तिला, म्हटलं.
आधी ती बादली बघ,
कडी सैल आहे.