एसीचं पाणी

सप्टेंबरात पेरला तो उगवलाच नाही.
कुंडीतली माती दुपारी चटका द्यायची.
दोष मी आधी बियांना दिला, मग दुकानदाराला,
मग अख्ख्या सोहारला.

मोफिजुल शेजारच्या व्हिलाची बाग बघतो.
भिंतीवरून म्हणाला, दीदी,
ज्या रात्री एसी बंद करून झोप लागेल
त्याच्या दुसऱ्या दिवशी पेरा.

मी नर्स, झोपते दिवसा.
माझी रात्र कुठली धरायची?

नोव्हेंबरची दहा तारीख. ड्यूटीवरून आले,
खिडकी सताड टाकून पडले,
आणि चक्क पांघरूण ओढून घेतलं.
उठल्यावर ओल्या फडक्यात बिया बांधल्या,
दोन दिवस फ्रीजमध्ये, दह्याशेजारी.

सातव्या दिवशी कोंब.
गवतासारखी दोन-दोन लांबट पाती,
पालक म्हणून कुणी ओळखलं नसतं.
मी त्यांच्याशी बोलले वगैरे नाही.
पाणी घालायला बादली उचलली, तर कोरडी.
उन्हाळाभर एसीच्या नळीखाली टपटपत भरायची,
आणि मी ती ओतून द्यायचे,
घालायला काही नव्हतं म्हणून.

एकटीच हसले. नळ सोडला,
समुद्राचं गोडं केलेलं, मीटरवर मोजलेलं पाणी.

जानेवारीत पहिली कापणी.
पातेल्यातून उतू जाणारा पालक
शिजता शिजता तळाला गेला.
हरभऱ्याची डाळ, दाणे, वर लसणाची फोडणी.
अर्धी वाटी भिंतीवरून दिली.

मोफिजुलने उभ्याउभ्याच चाखली,
बराच वेळ काही बोलला नाही,
मग म्हणाला, मीठ?

विसरलेच होते.