साडेतीन पौंड

कोट काढा, म्हटलं.
व्हर्ना कांगस कोट काढेना.
बाहेर उणे अठरा, हॅनकॉकच्या चढावर
मिठाची गाडी सकाळपासून दुसऱ्यांदा घसरलेली,
आणि इथे हीटर असा की माझ्या चष्म्यावर वाफ.
नियम आहे, म्हटलं. कोट, बूट, किल्ल्या.

तिने कोट खुर्चीवर टाकला. तो सरकला,
आणि फरशीवर
कापडाचा नव्हे, धातूचा आवाज झाला.

अस्तराची कड उसवून पुन्हा शिवलेली,
जाळं सांधायच्या जाड दोऱ्याने, लांब पुरुषी टाक्यांनी.
आत शिशाच्या गोळ्या, गळाच्या दोरीला लावतात त्या.
"तौनोने रात्री बसून शिवल्या," ती म्हणाली.
"एकतीस वर्षं माझ्यापासून बिस्किटांचा डबा लपवला त्याने.
कोट काढायला लावतात हे त्याला कुठलं माहीत."

काट्यावर चढली ती आकड्याकडे पाठ करून.
जुनी सवय.
दोनशे एकोणतीस आणि अर्धा.
विमा कंपनीला दोनशे तेहेतीस हवेत,
म्हणजे भागाकार चाळीसला पोचतो.
एकोणचाळीस पूर्णांक चारला
गुडघे तेवढेच दुखतात,
झोपेत श्वास तेवढाच अडकतो,
फक्त कागदाच्या लेखी बाई धडधाकट.

"बाराव्या वर्षापासून उतरवतेय," ती म्हणाली,
"शाळेच्या नर्सपुढे, चर्चच्या तळघरातल्या बायकांपुढे,
कोबीच्या सूपवर, लग्नाच्या झग्यासाठी,
आईच्या मयताच्या झग्यासाठीसुद्धा.
पन्नास वर्षांत पहिल्यांदा कोणी वाढवा म्हणालं,
महिनाभर पेस्टी खाल्ली, निसू लोण्यात बुडवून खाल्ला,
तर मेलं वाढेना."

कागद गिरणी एकतीस जानेवारीला बंद होणार.
तौनोची नोकरी जाणार, तिच्यामागून विमा.
आज एकोणतीस.

मी आकडा खोटा लिहीत नाही.
आठ वर्षांत अर्धा पौंडही इकडचा तिकडे नाही,
माझ्या सख्ख्या मावशीचासुद्धा नाही.
पण पाण्याबद्दल फॉर्मवर एक अक्षर नाही,
वरून खालपर्यंत तिच्यासमोर वाचून दाखवलं.
एक पेला, अर्धा पौंड.

पहिले दोन ती उभ्याउभ्या प्यायली.
तिसऱ्याला म्हणाली, तलावाचं पाणी गोड लागतं, नळाचं नाही.
चौथ्याला काहीच बोलली नाही.
पाचव्याला मुलीचा फोन आला, तिने उचलला नाही.
सहावा संपेना, म्हणून मीही एक भरून घेतला, सोबतीला.
माझं वजन कोणी विचारलं नव्हतं.
सातव्याला तिने पायांची अढी घातली
आणि छताकडे बघत
घोट घोट, घोट घोट,
औषध पाजलेल्या मुलासारखं डोळे मिटून गिळला.

या वेळी आकड्याकडे तोंड करून चढली.
दोनशे तेहेतीस पूर्णांक एक.
"लिही," ती म्हणाली, "लवकर लिही."

मग धावली. दार लावायलाही थांबली नाही.
किती वेळ तो आवाज येत होता,
आणि त्यात मिसळलेलं हसू,
निदान मला तरी ते हसू वाटलं.

परत आली तेव्हा पुढचं पान मीच उलटलं.
शस्त्रक्रियेआधी रुग्णाने बारा पौंड उतरवणे आवश्यक.
तिने दोनदा वाचलं, बोट ठेवून.
"हे पाणी धरून," तिने विचारलं, "की सोडून?"

कोणीतरी बाहेरचं दार उघडलं.
वारा आला, बर्फाची भुकटी आली,
तिच्या फाइलमधलं सगळं फडफडायला लागलं.
व्हर्नाने कोटाची कड दातांनी उसवली,
शिशाची एक गोळी काढून कागदांवर ठेवली.
"असू दे," म्हणाली.
"कागद हलू नये म्हणून वजन ठेवावंच लागतं."

बाकीच्या वाजवत ती चढ उतरून गेली,
मिठाच्या गाडीच्या कडेकडेने,
हात पसरून, जपून.