प्रसिद्धीसाठी

रबाळ्याच्या कंपनीत, दुसऱ्या मजल्यावर
मी चष्म्याच्या काचांबद्दल लिहितो.
काच म्हणायचं नाही, लेन्स म्हणायचं,
आणि लेन्स तर प्लास्टिकची.
ही दुरुस्ती पहिल्याच दिवशी झाली.

आज नव्या कोटिंगची बातमी.
लिहिलं: क्रांतिकारी. जागतिक दर्जाचं.
कळवताना संचालकांना अत्यानंद होत आहे.
सोबत संचालकांचा फोटो, कुंडीशेजारी.
पाठवलं ठाण्याला, राबोडीत,
जिथे अन्वर परकार एकवीस वर्षं
जिन्याखालच्या खोलीतून
चष्मेवाल्यांचं मासिक काढतात.

अर्ध्या तासात फोन.
"संचालकांना आनंद झाला, बरं झालं.
आता कळव्याच्या दुकानदाराला मी काय सांगू?
त्याच्या काउंटरवर रिक्षावाला उभा आहे,
रात्री समोरचे दिवे फुटून दिसतात म्हणतो.
त्याला ही द्यायची की नाही?
किंमत? कुठल्या नंबरपर्यंत? कधीपासून?
दसऱ्याचा अंक वीस तारखेला बंद होतो.
आणि कुंडी छान आहे हो,
पण लेन्स कुठाय?"

खाली उतरलो, तपासणीत.
निर्मला मढवी ट्यूबलाइटखाली लेन्स तिरकी धरते,
दिवसाला नऊशे, फक्त कडेला चिमटीत.
"ही बिनकोटिंगची. काय दिसतं?"
मी दिसलो. कपाळ, ट्यूबलाइट, मागचा पंखा.
"आता ही."
फिकट हिरवी रेघ, आणि रेघेपलीकडे
तिचा अंगठा,
ठशाच्या ओळी मोजाव्यात इतका.
"चांगली जमली ना, की ती दिसतच नाही,"
म्हणाली, आणि पुढची उचलली.

वर येऊन क्रांतिकारी खोडलं.
अत्यानंद खोडला.
उणे सहाच्या पुढे अजून जमलेलं नाही, हे लिहिलं.
संचालकांनी ते वाक्य काढलं.
मी परत घातलं.
त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ,
बोलले काहीच नाहीत.
फोटोत अंगठा. खाली नाव, निर्मला मढवी.
सगळं मिळून नऊ ओळी.

"हां," परकार म्हणाले, "आता झाली बातमी.
खाली तुमचा नंबर टाका."
"उणे सव्वातीन."
पलीकडे शांतता. मग खोकल्यासारखं हसू.
"फोनचा हो, फोनचा.
उद्या कुणी दुकानदार विचारेल,
तर उचलायला माणूस नको?"