चौथं सील

पार्किंग नंबर सव्वीस, टिळकनगर.
तिथे माझी ओम्नी उभी असते,
आणि ओम्नी मुलं आणायला निघाली
की तिच्या जागी एक डाग राहतो.
सेक्रेटरी काणेकर त्या डागाकडे
भाडं थकलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.
"बाई, तुमची गाडी पुन्हा..."
वाक्य कधी पुरं करत नाहीत.
कुणाच्या घरी लहान मुलाने गादी ओली केली
की पाहुणे असंच अर्ध्यावर थांबतात.

पहिलं सील सहामाही परीक्षेत बदललं.
दुसरं नाताळच्या सुट्टीत.
तिसरं मी स्वतः कुर्ल्याहून आणलं,
दुकानदार म्हणाला, ओरिजिनल,
त्याच्या मागे ओरिजिनलची दोन पोती भरलेली.
दर वेळी आग्नेल खड्ड्यात उतरला,
प्रोपेलर शाफ्ट सोडवला, फ्लँज ओढून काढली,
जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटलं
आणि माझ्या तळहातावर ठेवलं:
रबराची कडी, आत केसाएवढी स्प्रिंग.
एवढ्याशा ओठाच्या भरवशावर
मी चौदा मुलं शाळेत नेते.

दर वेळी महिनाभर जमीन कोरडी.
मग एका सकाळी रुपयाएवढा.
मग पुरीएवढा.

नव्वद नंबरच्या तेलाला एक वास असतो,
काडेपेटी जाळून त्यात लसूण ठेवावी तसा.
साबणाने जात नाही. वरणभाताला लागतो.
मागच्या बाकावरची इरा चुरी म्हणाली,
"मावशी, तुम्हाला गाडीचा वास येतो,"
आणि थोडा विचार करून,
"गाडीला तुमचा येत नाही."

आग्नेलने एकदा तेलकट बोटाने
फरशीवर काढून दाखवलं होतं:
वळताना बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं,
आतल्याला कमी.
डिफरन्शियल दोघांचा हिशेब वेगळा ठेवते,
भांडू देत नाही.
"असलं काही आमच्या घरात असतं ना,
तर चार भावांनी कलिन्याची जागा विकली नसती,"
म्हणाला, आणि चाक पुसलं पायाने.

चौथ्या वेळी मी सील नेलं नाही.
म्हटलं, पहारेकरी किती बदलशील बाबा,
आतून कोण ढकलतंय ते बघ.
तो तोंडात पान धरून पडून राहिला बराच वेळ.
मग त्याचं बोट ॲक्सलच्या पाठीवरून
सरकत सरकत एका जागी थांबलं.
ब्रीदर. करंगळीच्या नखाएवढी टोपी,
हलायला हवी. हलेना.
वर काळ्या रंगाचा जाड थर.
"हे कोणाचं काम?"

माझं.
गेल्या मे महिन्यात, पासिंगच्या आदल्या रात्री,
ग्रिलचा उरलेला डबा घेऊन
पुठ्ठ्यावर पाठ टेकून, टॉर्च दातांत धरून
मी तिला खालून रंगवलं होतं.
गंजू नये म्हणून. दोन हात.
इन्स्पेक्टरने वाकूनसुद्धा बघितलं नाही.
तेव्हापासून ती तापायची, आत हवा फुगायची,
वाट मिळेना म्हणून
तेलाला पुढे घालून ओठातून निघायची.
आणि मी वर्षभर कुर्ल्याच्या दुकानदाराला
शिव्या घालत होते.

आग्नेल हसला नाही.
सुईने कड मोकळी केली, डिझेलचे चार थेंब सोडले,
टोपी फिरवली.
फुस्स.
एवढंच. कुणी खोलीत येऊन खुर्चीत बसावं तसं.
"पण फ्लँजवर खाच पडलीय," तो म्हणाला,
"बघा, नखाला लागते. ती काही जायची नाही."
मी नख फिरवून पाहिलं. लागली.
चौथं सील त्याने त्याच्याकडचं घातलं,
पैसे पुढच्या महिन्यात द्या म्हणाला.

आता रोज सहा वाजून दहा मिनिटांनी
मी गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा ओढते.
जुन्या मिक्सरच्या खोक्याचा,
कडेला बॉलपेनने तारखा.
बावीस दिवस नुसती धूळ, एकदा मांजराचा पंजा.
आज तेविसावा.
एक थेंब. साबुदाण्याएवढा.
बोटावर घेतला, नाकाशी नेला.
हो.

काणेकर दुधाची पिशवी घेऊन उभे होते.
"बाई, तुमची गाडी..."
"बोला की," मी म्हटलं.
पुठ्ठा उलटा करून पुन्हा आत सरकवला,
तारीख लिहिली,
आणि हात न धुताच
इराच्या घराखाली हॉर्न वाजवायला निघाले.